इनासची वाकडी मांडणी

पाववाल्याचा भोंगा वाजला की इनास खळ्यात, पुढच्या अंगणात, जायचा. त्या दिवशी पण गेला. मी पलंगावर बसून चहाची वाट बघत होते. भोंगा थांबला, पण इनास काही आत आला नाही. आत आला तो पाववाला, हातात आमचे पाव घेऊन. "माय, इनासमामा खळ्यात पडलो हा," म्हणाला. मी वॉकर ओढला आणि निघाले. पायरी उतरेपर्यंत शेजारच्यांनी त्याला माडाच्या सावलीत घेतलं होतं. मी कपाळाला हात लावला. ऊब होती, पण ती उन्हाची... डॉक्टर नंतर आला. मला आधीच कळलं होतं. मी रडले नाही. आमच्या घरात रडायला कधी वेळ मिळाला नाही, मग सवयच राहिली नाही.

इनास माझा धाकटा भाऊ. आमचं घर देवबागला, एका अंगाला दर्या आणि दुसऱ्या अंगाला खाडी. बापूस खाडीच्या तोंडाशी होडी उलटून गेला तेव्हा इनास रांगत होता. आईची छाती अधू, ती खाटेवरच. मी तिसरीतून शाळा सोडली आणि डोक्यावर माशांची पाटी घेतली. पुढे तोंडवलीला लग्न झालं, पण दुसरा पावसाळा संपायच्या आत नवरा तापानं गेला आणि मी परत आले. सुके मासे घेऊन कुडाळच्या बाजारात बसायचे. त्यावर बहिणीचं लग्न केलं, म्हापशाला दिली. इनासला शिकवलं, तो बोटीवर लागला, आणि बोटीवरून अमेरिकेत उतरला तो तिथेच राहिला. हे मी कोणाला सांगत नसे. सांगण्यासारखं काय त्यात, ज्याच्या घरी बापूस नाही त्या घरी हेच होतं.

तिकडे एका लहानशा गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तो कामाला होता. बायको तिथलीच केली. पोरबाळ झालं नाही, आणि ती त्याच्या आधी गेली. फोनवर तो मला त्या शाळेच्या फूटबॉलच्या गोष्टी सांगायचा. तो आपल्याकडचा फूटबॉल नव्हे, हातात धरून पळायचा. मी विचारलं, "हातात धरतत तर पायाचा नाव कित्याक?" तो म्हणाला, "ह्या त्येंका पण म्हायत नाय." गावच लहान, पोरं थोडी आणि किडकिडीत. समोर येणारे रेड्यासारखे. सरळ रांगेत उभे राहिले तर चेपूनच जायचे. मग त्यांचे मास्तर त्यांना कसेही उभे करायचे. तिघे इकडच्या कडेला, तिघे तिकडच्या, मधे मैदान मोकळं. नाहीतर सगळे एकाच बाजूला. इनासला त्याचं भारी कौतुक. मी ऐकत मासे नीट करायचे. अर्धं कळायचं, अर्धं नाही.

मग मी मागच्या दारी शेवाळावरून घसरले आणि खुबा मोडला. बहीण तर नाही आता, तिची मुलगी लविना म्हापशाहून धावत आली. पोर गुणाची आहे. तिनं माझं ऑपरेशन करून घेतलं, रात्री जागली. आणि मग सगळ्यांशी बोलून ठरवलं की मावशीला गोव्यात सिस्टरांच्या आश्रमात ठेवायचं. शेजारी म्हणाले बरोबर, पाद्री म्हणाले बरोबर. मी म्हणाले, मी घर सोडणार नाही. पण पडलेल्या माणसाचं कोण ऐकतं... इनासला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी येतंय." कोणाला खरं वाटलं नाही. एक बॅग घेऊन आला. लविना त्याला म्हणाली, "मामा, तुझीच सत्तरी झाली. तू हिका उचलतलंस?" तो म्हणाला, "उचलूक कित्याक व्हया? तिका उठूक शिकवया." लविना रागानं म्हापशाला गेली. जाताना सांगून गेली की जमलं नाही तर मी नेणारच.

पहिले दिवस वाईट होते. मी कुशीवर पण वळू शकत नसे. एकदा दुपारी त्यानं माझ्या चादरीवर अकरा काजूच्या बिया मांडल्या आणि समोर अकरा सुपाऱ्या. मधल्या बीवर बोट ठेवून तो त्या फूटबॉलचं सांगायला लागला. हा वाकतो आणि चेंडू मागं देतो, खेळ ह्याच्यापासून सुरू होतो. पण ह्याला स्वतःला चेंडू झेलायची मुभा नसते. रांगेत फक्त दोन टोकांच्या माणसांना असते. मी म्हणाले, "बिचारो."

"बिचारो नाय गो बाय. ती तू. जन्मभर वाकान दुसऱ्याक दिलंस."

"मी बांगडे दिलंय. चेंडू खंय दिलंय?"

तो हसला. मग त्यानं त्या बीच्या एका अंगाच्या सगळ्या बिया उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवल्या. वाकणारी बी आता रांगेच्या टोकाला आली. "आता हेका पण झेलूक चलता. नियम मोडूक नाय. फक्त उभ्या रवाची जागा बदलली."

मी विचारलं, समोरचे गप बसतात? म्हणाला, "ते आधी हसतत. हसान होयपर्यंत उशीर होता."

दुसऱ्या दिवसापासून तो घराच्या मागं लागला. माझा पलंग स्वयंपाकघरात आणला. टेबलाचे पाय करवतीनं कापून शेगडी खाली घेतली, पलंगाच्या काठावर बसून ढवळता येईल अशी. पाण्याचं पिंप दगडावर चढवलं. सायबिणीची, मेरीमातेची, मूर्ती उंच होती, ती माझ्या हाताच्या उंचीवर आणली. होडीचा जुना दोर पलंगापासून मागच्या दारापर्यंत कमरेएवढा बांधला. सगळं घर एका अंगाला, आणि पुढची खोली रिकामी. पाद्री आले तर म्हणाले, घर विकलंत की काय? इनास म्हणाला, नाही फादर, समोरच्यांना फसवायला ठेवलंय.

दोर धरून मी आधी दारापर्यंत गेले, मग शेगडीशी उभी राहिले. तो जवळ असायचा, पण हात देत नसे. मी शिव्या घालायचे. जेवताना मात्र पहिलं ताट माझ्यासमोर. मला सगळ्यांना वाढून उरलेलं खायची सवय, पहिला घास घशाखाली उतरेना. तो आपल्या ताटाला हात न लावता बसून राहायचा, मी खाईपर्यंत. अशी तीन वर्षं गेली. आणि जायचं कोणी, तर तो गेला.

इनासच्या महिन्याच्या मिसेला, त्याच्यासाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, लविना आणि तिचा नवरा आले. मला रिक्षानं चर्चला पाठवलं आणि ती दोघं मागं थांबली, घर आवरायला. मीस संपायच्या वेळेला चर्चला पोचली. मी परत आले तर घर सरळ झालेलं. पलंग आतल्या खोलीत, पुढे खुर्च्या, सायबीण वर, दोर गुंडाळून कोपऱ्यात. संध्याकाळी लोक भेटायला येणार, बरं दिसावं म्हणून केलं होतं बिचारीनं. बाहेरचा वॉकर उंबऱ्याशी ठेवून मी आत पाऊल टाकलं आणि मला हात ठेवायला जागा मिळेना. उभी राहिले तशीच.

लविनानं बघितलं. जवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशे, आता तरी माझा आयक. एकटी कशी रवतलंस? उद्या जावया माझ्यावांगडा."

मी भिंत धरली. म्हणाले, "होता तसा मांड."

"लोक येतले गो."

"येवंदेत. होता तसा मांड, मगे मी जेवण वाढतंय. वाढूक जमला नाय तर उद्या तुझ्यावांगडा येतंय."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. दोघांनी पलंग ओढला. शेगडी आली, सायबीण खाली आली. नवऱ्यानं दोर बांधला, पण गाठ ढिली. मी बसल्या जागेवरून ती सोडवून परत मारली. मग नारळ खवला, माशांची कढी शेगडीवर ठेवली, मासे सोडले, भात उतरवला. कोणी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. घामानं पाठ भिजली, एकदा दोर हातातून सुटला आणि मी पिंपाला टेकले. लविना रिकाम्या खोलीच्या दारात उभी होती. पुढे आली नाही. तिथूनच म्हणाली, "मामान ह्या असा वाकडा घर खंय बघल्यान?"

मी म्हणाले, एक खेळ आहे, हातानं खेळतात.

पहिलं ताट भरलं. सवयीनं ते तिच्याकडे सरकवणार होते. मग माझ्या बाजूला ठेवलं आणि एक घास खाल्ला. तोंडात मीठ बरोबर लागलं. लविना बघत होती... मग आत आली, मांडणीवरून एक रिकामं ताट घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.