लेण्यांसमोरचं गाऱ्हाणं

आई गेल्यापासून आप्पा गावच्या घरात एकटेच राहतात. त्यांना पुण्याला माझ्याकडे आणायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं. घरात विषय काढला की ते उठून गोठ्यात जायचे. गोठ्यात आता गुरं नाहीत, तरी जायचे. म्हणून यंदा दिवाळीनंतर मी तंबू, चटया, स्टोव्ह गाडीत घातला आणि त्यांना पन्हाळेकाजीची लेणी बघायला घेऊन गेले. तिथून उठून जाणार कुठे?

डोंगराच्या कड्यात ओळीने कोरलेल्या खोल्या. आप्पा एकेका खोलीत वाकून शिरले, भिंतीवरून हात फिरवला, दगडी ओट्यावर बसून बघितलं.

"हितं एकेकटेच ऱ्हायचे?"

"हो. भिक्षू होते ते."

"मग बरोबर. न्यायला येनाऱ्या लेकी नसतील."

मला हसू आलं आणि रागही. म्हातारा सगळं ओळखून होता तर!

खाली नदीकाठच्या शेतात, मालकाला विचारून, तंबू ठोकला. आप्पांनी पिशवीतून नारळ काढला. परक्या जागी वस्ती करायची तर तिथल्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी पाठ टेकत नाही. एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी दर ओळीला होकार द्यायचा. बाकीचे म्हणजे इथे मी एकटीच.

"बा देवा म्हाराजा, आज तुज्या जाग्यात वस्तीला आलोय…"

"व्हय म्हाराजा!"

"काय चूकभूल आसंल ती पोटात घे…"

"व्हय म्हाराजा!"

"आनी मरंस्तवर मला माज्या घरातच ऱ्हाऊ दे…"

"व्हय म्हाराजा!"

तोंडातून निघून गेलं. लहानपणापासूनची सवय, ती काय विचार करून बोलते? मी कपाळावर हात मारला. देवासमोर शब्द गेलेला, आता तो मागे घेता येत नव्हता. आप्पांचे डोळे मिटलेलेच होते.

"आनी नात परदेशी गेल्यापास्नं माज्या लेकीला तिकडं घर खायाला उठतं. मला न्यायाला बगते ती त्याच्यापायी. तर तिला सोबत दे…"

हे मी कुणालाच बोलले नव्हते. आप्पांचं वय, आप्पांचे गुडघे, आप्पांची काळजी, एवढंच सगळ्यांना सांगत होते आणि स्वतःलाही. मला रडू कोसळलं. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. आप्पा नारळ धरून तसेच उभे राहिले.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."