पट्ट्यापट्ट्यांचा नकाशा

"तुमचा बेल्ट, हेर ब्रांट?"

"सोमवारीच तुम्ही काढून घेतलात."

"किल्ल्या?"

"गाडीत."

"मग हे काय आलंय?" मी लॅपटॉप त्यांच्या नाकासमोर धरला. स्क्रीनवर नुसते काळे-पांढरे पट्टे. सतरंजीच जणू!

२००५च्या आसपासची गोष्ट. जर्मनीत, गेर्लिंगेन गावाच्या पुढे एका शेतात आम्ही मध्ययुगातलं गाव शोधत होतो. सात-आठशे वर्षांपूर्वी माणसं सोडून गेली आणि घरांवरून नांगर फिरला. मी जिओफिजिसिस्ट. माझं काम न खणता गाव शोधायचं. मॅग्नेटोमीटर हातात धरून शेतात सरळ रेषेत जायचं आणि यायचं. भाजलेल्या मातीचं, म्हणजे जुन्या चुली-भट्ट्यांचं, चुंबकत्व आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळं असतं. यंत्र ते टिपतं. अट एकच, जवळपास कुणाच्या अंगावर लोखंड नको. यंत्र मी धरायचे, आखणीची दोरी ब्रांट सरकवायचे. साठीला टेकलेला, शांत माणूस.

त्या शेतावर गोदाम होणार होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत पुरातत्त्व खात्याला नकाशा द्यायचा. गाव दिसलं तर तेवढी जमीन राखीव. नाही दिसलं, तर सोमवारी बुलडोझर. आणि आज बुधवार!

बॉसचा फोन आला. "फ्राऊ केळकर, नकाशा?"

"पट्टे येतायत."

"पट्ट्यांत कोणी राहत नव्हतं. शुक्रवार, बारा वाजता." फोन बंद.

माझं डोकंच फिरलं. यंत्र स्टँडवर ठेवलं आणि ब्रांटना भोवती फिरायला लावलं. बुटांसकट, चष्म्यासकट. आकडा ढिम्म हलला नाही.

"आल्झो, बरं तर," ते म्हणाले, "आता तुम्ही."

"मी? अकरा वर्षं हेच काम करतेय मी!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. आता तुम्ही."

मी तणतणत यंत्राजवळ गेले. आकडा टुणकन उडाला. अगं बाई! हात आपोआप गळ्याशी गेला.

एरवी मी कामावर मंगळसूत्र घालत नाही. पण रविवारी मैत्रिणीकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. घरी येऊन साडी सोडताना पिना सवयीने मंगळसूत्रात अडकवल्या, आणि ते स्वेटरच्या आत तसंच राहिलं. सोन्याचं यंत्राला काही नसतं. पण पिना स्टीलच्या. चांगल्या चार. जाताना एक आकडा, वळून येताना दुसरा, म्हणून ते पट्टे.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर खरोखरच तीन दिवस एका गावाला वळसे घालत होते.

गुरुवारी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत सगळं शेत पुन्हा चालून काढलं. पाय मोडून आले. शुक्रवारी सकाळी नकाशा उघडला, आणि गाव समोर! मधून गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, जवळजवळ प्रत्येक घरामागे भट्टीचा काळा ठिपका. मला रडूच आलं. इतकं हायसं मला माझ्या पीएचडीच्या निकालानंतरही वाटलं नव्हतं.

गोदाम खालच्या बाजूला सरकलं. गावावर आता फक्त गवत आहे. तिथे नांगरायचं नाही, खणायचं नाही. मातीत आहे तोवर ते सुखरूप.

"माफ करा, हेर ब्रांट," मी म्हणाले. "उगाच तुमच्यावर खेकसले."

"बरं, बरं. माफी राहू द्या. माझा बेल्ट कुठे ठेवलात?"

बिचारे आठवडाभर पँट सुतळीने बांधून हिंडत होते.

तेव्हापासून दुसऱ्याचे खिसे तपासण्याआधी मी स्वतःचा गळा चाचपते.