निन्यो, मुचाचो, होवेन

सोलापुरात स्पॅनिशचा क्लास चालवते म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग बोर्डाकडे. सहा वर्षं झाली. लग्नकार्यातले ब्लाऊजपीस साठतात तसे किस्से साठलेत. टाकवत नाहीत आणि शिवूनही होत नाहीत.

यंदा तर एका 'मुलगा' शब्दानेच कपाट भरलं. लहान असला की 'निन्यो', वाढला की 'मुचाचो', तरणाबांड झाला की 'होवेन', एवढंच मी शिकवलं होतं.

होमवर्क दिला : घरातल्या पुरुषांना या शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवा. व्यंकटेशने आपल्या एक्केचाळीस वर्षांच्या बिनलग्नाच्या काकाच्या शर्टावर 'होवेन' चिकटवलं. काकाने अर्थ विचारला आणि चिठ्ठी काढलीच नाही. रविवारी स्थळासाठी बायोडाटा टाईप करताना म्हणाला, "व्यंक्या, वयाच्या रकान्यात हेच टाक की."

क्लासखाली चहा विकणारे मामा साठी उलटलेले. सगळा वर्ग त्यांना 'मुचाचो' म्हणून हाक मारायला लागला. मी रागावले, तर मामांनी मलाच गप्प केलं. "म्हणू द्या की मॅडम. लई बरं वाटतंय." त्या महिन्यापासून त्यांनी केसांना कलप लावणं सोडलं.

वर्गातला सिद्धाराम जवळच्या कुंभारी गावचा. घरी मेंढरं. वडिलांनी सांगून ठेवलेलं, "दसऱ्यापर्यंत नोकरी बघ, न्हायतर मेंढरं हायतच." दसऱ्याच्या चार दिवस आधी पुण्याच्या कंपनीचा व्हिडिओ इंटरव्ह्यू आला. तो माझ्याच क्लासमध्ये बसला. स्क्रीनवर मेक्सिकोचे साहेब, पिकल्या मिशांचे. खरं सांगते, स्वतःच्या मुलाच्या दहावीलाही मी एवढी घाबरले नव्हते.

साहेबांनी स्पॅनिशमध्ये विचारलं, घरी कोण कोण असतं?

सिद्धाराम म्हणाला, "आजोबा, आई, मी आणि एक मुचाचो. तो साठ वर्षांचा आहे."

मी कपाळाला हात लावला.

"साठ?"

"माझे वडील. आमच्याकडे बाप जिवंत असेपर्यंत माणूस मुचाचोच. उन्हात फिरले तर आजोबा अजून त्यांच्यावर ओरडतात."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"माझे वडील मार्चमध्ये गेले," ते म्हणाले. "तू सोमवारपासून कामावर ये. पण आधी आजोबा कसे ओरडतात ते सांग. तुमच्या भाषेत."

सिद्धारामने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"ए पोरा, सावलीला बस की!"

साहेब म्हणाले, "पुन्हा."