भाकरीभोवती गुंडाळलेला महिना

गेल्या महिन्यात मी तीन मालिका पाहिल्या, मोबाईलवरचा एक खेळ चारशे दोनाव्या पातळीपर्यंत नेला आणि बायकोचं माहेर कायमचं बंद होईल अशी सोय करून ठेवली.

यातलं पहिलं आणि दुसरं मी ठरवून केलं. तिसरं आपोआप झालं.

त्याचं असं आहे, की मला महिन्याचा आढावा लिहायची खोड आहे. महिना संपला की मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडतो आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर महिनाभरातले खेळ, करमणूक आणि संसार या सगळ्यांना दहापैकी गुण देतो. (कॅलेंडर सोलापुरातल्या एका साडीच्या दुकानाचं. बारा महिने, बारा बायका, सगळ्यांना दात दुखत असल्यासारखं हसू. गुण दोन.) मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. तिथं माझ्या मताला कुत्रं विचारत नाही. म्हणून घरी आल्यावर मी न्यायाधीश होतो. माझ्या कोर्टात पाचाच्या वर आजवर कुणी गेलेलं नाही.

गेल्या महिन्याच्या पानावरचा हा नमुना बघा:

"मालिका पहिली: खून पहिल्या भागात. खुनी कोण ते मला दुसऱ्या भागात कळलं. पोलिसांना कळायला आणखी सहा भाग लागले. गुण दीड."

"मोबाईलवर रंगीत गोळ्या फोडणे: हा खेळ निव्वळ रिकामटेकड्यांचा आहे. महिनाभर खेळलो. गुण एक."

"घरातला ल्युडो: मंगल हरायला लागली की पट उधळते आणि वर 'मला भाकऱ्या टाकायच्यात' म्हणते. गुण अर्धा."

मंगल म्हणजे माझी बायको. इथपर्यंत प्रकरण घरातल्या घरात होतं. पुढच्या दोन नोंदी मात्र तिच्या माहेरच्या होत्या, आणि माहेर हा आमच्या घरातला फार नाजूक विषय!

मंगलचे थोरले भाऊ आप्पा मोडनिंबला राहतात. त्यांच्या बायकोचं, म्हणजे रंजनावहिनींचं, आणि मंगलचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. कारण काय? संगीत खुर्ची! हळदीकुंकवाला बायकांनी हा खेळ मांडला. शेवटी खुर्ची उरली एक आणि बायका उरल्या या दोघी. गाणं थांबलं, दोघी एकदम बसल्या आणि दोघीही उठेनात. बक्षीस होतं प्लॅस्टिकची बादली. (तीसुद्धा मग तिसऱ्याच बाईने नेली.) तेवढ्यावरून माहेर बंद! भाऊबीजेला आप्पा एकटेच सोलापूरला यायचे, घाईघाईने ओवाळून घ्यायचे आणि मिळेल त्या एसटीने परत जायचे. ते गेले की मंगल मोरीत जाऊन उगाच तोंड धूत बसायची. ते मला बघवत नसे. त्याला मी कधी गुण दिले नाहीत.

तर गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात वहिनींनी स्वतःहून मंगलचा हात धरला. म्हणाल्या, "वन्सं, झालं गेलं सोडा की आता. या की घरला!" मंगल तिथंच रडायला लागली. एवढा मोठा प्रसंग चालू असताना मी काय केलं? मी त्या लग्नाचा आढावा मनात जुळवत होतो. महिना संपल्यावर तो पानावर लिहून काढला:

"रंजनावहिनींचा उखाणा: सुरू झाला तेव्हा पंगत बसत होती, संपला तेव्हा लोकांचे हात धुवून झाले होते. गुण एक, तोही शेवटी थांबल्याबद्दल."

"जानवशावर आप्पांचा कॅरम: हातापेक्षा तोंड जास्त चालतं. गुण दोन."

लिहून झाल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

महिना संपल्यावरच्या पहिल्या रविवारी आप्पा काही कामासाठी सोलापुरात आले होते, ते सकाळी घरी चहाला आले आणि मोडनिंबला परत गेले. ते गेल्यावर मला सुचलं, की तिसऱ्या मालिकेला दिलेले तीन गुण जरा जास्तच झालेत. कमी करावेत म्हणून मी पान शोधायला लागलो.

"मंगल, कॅलेंडरचं जुनं पान कुठंय?"

"भाकरीला बांधलं."

"कुठल्या भाकरीला?"

"वहिनीला कडक भाकरी पाठवली की आप्पाबरोबर! वीस भाकऱ्या आणि शेंगाचटणी. साध्या कागदात तुकडे होतात, म्हणून ते जाड पान घेतलं."

"अगं, त्यावर लिहिलेलं दिसलं नाही तुला?"

"दिसलं की. तुमचं लिहिलेलं कोण वाचतंय?"

एरवी या वाक्याचा मला राग आला असता. त्या दिवशी मी देवाला हात जोडले आणि म्हटलं, हेच मोडनिंबलाही खरं ठरू दे!

"मी जरा मोडनिंबला जाऊन येतो," मी म्हणालो.

"कशाला?"

"आप्पांना भेटायला."

"आत्ता तर भेटलात!"

"नीट भेटलो नाही."

मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. "बावीस वर्षांत पहिल्यांदा आपणहून माझ्या माहेरी निघालात! थांबा, मी पण येते."

झालं! एसटीत ती खिडकीशी बसली, नवी साडी, केसात गजरा, चेहरा नुसता फुललेला. मी म्हणालो, "मंगल, समजा वहिनींना कशाचं वाईट वाटलं, तर?" ती म्हणाली, "आता कशाला वाटेल? गोड झालंय सगळं." एसटी दर फाट्याला थांबत होती आणि मला दर फाट्याला उतरून पळून जावंसं वाटत होतं.

आप्पांच्या दारात पोचलो तर आतून हसण्याचा गदारोळ. सोप्यात रंजनावहिनी पान हातात धरून उभ्या, पुढ्यात आप्पा आणि शेजारच्या दोन बायका, प्रत्येकाच्या हातात कडक भाकरीचा तुकडा! वहिनी मोठ्याने वाचत होत्या:

"'मंगल हरायला लागली की पट उधळते...' अगं बाई! लई खरं लिवलंय की दाजींनी!"

मंगल उंबऱ्यातच थांबली. गजरासुद्धा उतरल्यासारखा दिसायला लागला.

"या या, वन्सं! तुमचंच वाचाय लागलोय!"

मंगलने पुढे होऊन वहिनींच्या हातातून पान ओढून घेतलं. आधी स्वतःवरचं वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग खालची नोंद, वहिनी अजून तिथवर पोचल्या नव्हत्या ती, खणखणीत आवाजात वाचली. पंगत, हात धुणे, एक गुण, सगळं! आणि त्याच दमात आप्पांचा कॅरमसुद्धा.

तीन वर्षांनी उघडलेलं माहेर माझ्यामुळे तीन आठवड्यांत पुन्हा बंद होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"मला एकच?" वहिनी हळूच म्हणाल्या. "आन त्यो बी थांबले म्हणून?"

"मला तर अर्धाच दिलाय, वहिनी."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

"वन्सं, ह्यो माणूस बावीस वर्सं सोसला तुमी?"

"सांगणार कुणाला, वहिनी? तीन वर्षं बोलायला माणूसच नव्हतं मला!"

आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. मी चपला हातात घेऊन उभा. आप्पा उठले, भिंतीला टेकवलेला कॅरम उचलला आणि म्हणाले, "दाजी, बसा हितं. तोंड बंद ठेवून खेळतो आज." आणि चकार शब्द न काढता त्यांनी मला ओळीने तीन डाव हरवलं. शेजारच्या बायकाही बघायला थांबल्या होत्या.

आता दोघी रोज रात्री तासभर फोनवर बोलतात. विषय एकच असतो, म्हणून मी त्या वेळी गच्चीवर जातो. तीन वर्षं भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी समजावून पाहिलं, आप्पांनी हात टेकले, काही उपयोग झाला नाही. या दोघींचं एकमत व्हायला दोघींनाही सारखाच पटेल असा एक मूर्ख हवा होता, आणि त्या जागेवर माझी निवड बिनविरोध झाली!