सावरीच्या लाकडाची देवी

ज्या देवीपुढे मी रोज हात जोडत होते, तीच आमच्या आड आली, असं मला त्या वर्षी वाटायचं. हे खोडाळ्याच्या शाळेत शिक्षक. दोन्ही किडन्या हळूहळू निकामी होत चालल्या होत्या. मुंबईच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "डायलिसिसची पाळी येण्याआधीच किडनी बसवता आली तर सगळ्यात चांगलं. अजून वेळ आहे, पण रेंगाळू नका." डायलिसिस म्हणजे आम्हाला खोडाळा सोडून नाशकात बिऱ्हाड करणं होतं, मशीन काही इकडे घाटात येणार नव्हतं. ह्यांना शाळा सोडवत नव्हती. आणि मला तर ह्यांच्याशिवाय काहीच सुचत नव्हतं.

माझा रक्तगट जुळला नाही. त्या दिवशी स्वतःच्या रक्ताचा जेवढा राग आला, तेवढा कुणाचा कधी आला नसेल. जुळलं ते भाऊजींचं, ह्यांच्या थोरल्या भावाचं. भाऊजी शेती बघतात. आमच्या गावच्या बोहाड्यात, म्हणजे देवदेवतांची सोंगं नाचवायच्या उत्सवात, जगदंबेचं सोंग घेण्याचा मान आमच्या घराचा. सासऱ्यांच्या मागे तो भाऊजींकडे आला होता. किडनीचं ऐकल्यावर ते म्हणाले, "मना मरणाचा भेव नाय. पन भंगलेली मूर्ती आपन देव्हाऱ्यात ठेवीत नाय. कापलेल्या आंगावर देवी कशी येल? आन गावावर काय इपरीत झाला तं?"

त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. जीव द्यायला तयार असलेला माणूस देवीला घाबरत होता. म्हणून मी माझा राग देवीवर काढला. दिवा लावायचे, हळदकुंकू वाहायचे, पण बोलायचे नाही. सासूशी धरावा तसा अबोला धरला होता मी तिच्याशी.

भाऊजी मात्र येत राहिले. कधी नागलीचं पीठ घेऊन, कधी नुसतेच. ओट्यावर बसायचे, शेताचं बोलायचे, चहा घेऊन जायचे. मी आत चुलीपाशी कान लावून बसलेली असे. एवढा एक "हो" ऐकायला जीव तळमळायचा. माहेरच्या माणसाची वाटसुद्धा मी इतकी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या चपला वाजत दूर गेल्या की वाटे, उद्या म्हणतील. आणि ह्यांच्या पायांवरची सूज रोज थोडी वर चढत होती.

बोहाडा जवळ आला तेव्हा सोंगाच्या जुन्या लाकडी मुखवट्याला वाळवी लागलेली निघाली. नवा मुखवटा जव्हारच्या एका मुसलमान सुताराकडे घडवायला दिला होता. सगळे त्यांना चाचा म्हणत. ह्यांचं रक्त तपासायला आम्हाला जव्हारला जायचंच होतं, म्हणून भाऊजी आणि आम्ही दोघं एकाच एसटीने गेलो. तपासणी उरकून चाचांच्या दुकानात पोचलो, तर देवीचं तोंड जमिनीकडे करून चाचा मागच्या बाजूने पटाशीने लाकूड काढत होते. सावरीच्या लाकडाच्या ढलप्या पडत होत्या.

भाऊजी पुढे सरसावले. "चाचा, आतून इतका नका काढू. देवीचा तोंड हाय. कमजोर होल."

चाचांनी मान वर केली नाही. "अरे भाई, आतलं काढल्याबिगर तुझं डोकं जाणार कुठं? भरीव पायजे तर भिंतीला लाव, शोभेला. नाचवायची हाय ना? मग आत जागा करायला लागते."

आमच्या घरात काय चाललंय, याची चाचांना काडीची कल्पना नव्हती. ते पुन्हा कामाला लागले. भाऊजी उभेच होते. थोड्या वेळाने माप बघायला म्हणून चाचांनी मुखवटा त्यांच्या डोक्यावर चढवला. भाऊजी आत राहिले, बाहेर येईचनात. चाचा म्हणाले, "का रे, टोचतं का?" मुखवटा उतरला तेव्हा भाऊजींचे डोळे ओले होते. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "बारक्या, मुंबईला कवा जायचा?"

मी दुकानाच्या उंबऱ्यावरच खाली बसले. देवीशी धरलेला अबोला तिथेच सुटला.

ह्यांना डायलिसिसची सुई कधी लागली नाही. भाऊजींची किडनी ह्यांच्या पोटात लगेच कामाला लागली, आणि डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. त्या वर्षी सोंग चुलतदिरांनी घेतलं. पुढल्या वर्षी डॉक्टरांनी भाऊजींना परवानगी दिली. गावात थोडी कुजबुज झाली, पण पंच म्हणाले, देवीला चालतंय तर आपण कोण अडवणार.

या सगळ्याला चमत्कार म्हणा, नाहीतर म्हातारा सुतार सहज बोलून गेला म्हणा, मी वाद घालत नाही. एवढंच कळलं, की मी देवीकडे मागत होते आणि तिनं ते कुठल्या दारातून द्यावं तेही मीच ठरवत होते. आता मागते आणि गप्प बसते.

आमच्यात थोरल्या दिरांचे आभार मानायची रीत नाही. मानले असते तर ते रागावलेच असते. त्या बोहाड्याला उजाडता उजाडता देवी संबळाच्या तालावर आमच्या दारी आली. मी पाय धुतले, ओवाळलं, पायांवर डोकं ठेवलं. वर्षभर मनात साठवलेलं पुष्कळ होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "दुखत तर नाही ना?"

सोंग बोलत नसतं. देवीने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि संबळ पुढे निघाला तरी उचलला नाही.