कुमुदताईंनी काढून टाकलेली पुस्तकं

पनवेलात सध्या अशी बातमी आहे की नवप्रकाश वाचनालयाच्या कुमुद नाखव्यांनी सात हजार पुस्तकं रद्दीवाल्याला घातली आणि त्यातून रोडपालीला वन-बीएचके उठवला. रिक्षास्टँडवर ऐकलं तर फ्लॅट एकच असतो. भाजी मार्केटपर्यंत पोचेस्तोवर दोन होतात. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तर इस्त्री उचलून धरूनच सांगतो, "गाडी पण घेतली म्हणे. ऑटोमॅटिक!"

दुरुस्ती अशी. रोडपालीचं घर भाड्याचं आहे, चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट गणपतीपासून बंद आहे. रद्दीचा पैसा कुमुदताईंच्या हाताला लागलाही नाही. पण सात हजार पुस्तकांवर 'निर्लेखित', म्हणजे यादीतून काढलेलं, असा जांभळा शिक्का मारला तो मात्र त्यांनीच. एकेका पुस्तकावर, स्वतःच्या हाताने. अफवेत खरं आहे ते एवढंच, आणि नेमकं तेच त्यांना कुणापुढे नाकारता येत नाही.

कुमुदताई मूळच्या करंज्याच्या, कोळीवाड्यातल्या. आई बंदरावर बोंबील सुकवायची. लेक पनवेलला येऊन वाचनालयात कारकून झाली, मग ग्रंथपालनाचा कोर्स केला आणि बत्तीस वर्षं त्याच खुर्चीत बसली. एरवी त्यांचं बोलणं अगदी पुस्तकी. "कृपया शांतता राखावी." रागावल्या की मात्र करंजं उसळून वर यायचं. "ए पोरा, पान दुमडतोस? तुजा कान दुमडला तर चालल काय?"

त्यांच्या टेबलाशेजारी एक हिरवी लोखंडी पेटी असायची. तीत एक्केचाळीस पुस्तकं होती, सगळी ग्रंथपालांनी वाचायची. वर्गीकरणाचे तक्ते, यादी कशी करावी, उसवलेली बांधणी कशी शिवावी, वाळवीचं काय करावं, तुटलेला वाचक परत कसा आणावा, जुनी पुस्तकं कधी काढावीत. "डॉक्टर शिकतो, वकील शिकतो," त्या म्हणायच्या, "मग आमीच काय म्हनून कोरडं बसायचं?" ही पेटी एसटीने तालुकाभर फिरायची. एका गावच्या ग्रंथपालाने महिनाभर ठेवायची, सोबतच्या वहीत काय वाचलं ते लिहायचं आणि पुढच्या गावाला कंडक्टरच्या स्वाधीन करायची.

सुरुवातीला वहीत पानंच्या पानं भरली. एकाने खळीत मोरचूद घातल्यावर झुरळं थांबल्याचं कळवलं होतं. मग मजकूर आखडत गेला. वाचनालयं मिटत गेली, माणसं निवृत्त झाली. शेवटची नोंद कल्पेश नावाच्या कुणाची: "पेटी मिळाली. वेळ झाला नाही. पेटी सुस्थितीत." त्यानंतर अकरा वर्षं पेटी टेबलाशेजारीच होती.

यंदा मार्च संपता संपता अध्यक्ष उदयसिंह सरनोबत वाचनालयात आले. उदयसिंहांचं बोलणं म्हणजे उद्घाटनाची फीत. कुठूनही कापा, टाळ्या पडल्याच पाहिजेत. "बघा मॅडम, विषय असाय. आजकाल बुक्स कोण वाचतंय? यूथला स्पेस पाहिजे. आपण काय करायचं, अभ्यासिका टाकायची. एसी, क्युबिकल, वायफाय. बुक्स सगळी क्लिअर करून टाकू."

"सगळी?"

"आता सेंटिमेंट नको, मॅडम. प्रॅक्टिकल."

कुमुदताई उठल्या, पेटी उघडली आणि निर्लेखनाचं पुस्तक काढून अध्यक्षांपुढे धरलं. पुस्तक काढायचं तर नियम असतो. दहा वर्षांत जे एकदाही घरी गेलं नाही ते काढावं, बाकीच्याला हात लावू नये. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारीखचिठ्ठी चिकटवलेली असते. नेणाऱ्याची तारीख तिच्यावर पडते. ती बघायची आणि ठरवायचं. उदयसिंहांना ते सरकारी परिपत्रक वाटलं असावं. ते दबकले. म्हणाले, "मग नियमाने करा. पण एप्रिलएंडला हॉल मोकळा."

ताईंना वाटलं, जिंकलो. एकतीस मार्चपर्यंतच्या तारखा धरायच्या, असं त्यांनी स्वतःच लिहून दिलं, म्हणजे पुढे कुणी मागेपुढे करायला नको. मग शिपाई काशिराम शिडीवरून पुस्तकं उतरवू लागला आणि ताई शेवटचं पान उघडू लागल्या.

कोरी. कोरी. दोन हजार चारची. कोरी.

पहिल्या दिवशी त्या प्रत्येक पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचत होत्या. चौथ्या दिवसापासून नुसत्या "हं" म्हणायच्या. आठव्या दिवशी "हं" पण बंद झालं, आणि हॉलमध्ये शिक्क्याचा आवाज तेवढा उरला. काशिराम मधूनच म्हणायचा, "बाय, ह्यो राहू दे, जाडजूड हाय." ताई मान हलवायच्या. जाडी नियमात नव्हती. सतरा दिवसांत नऊ हजार पुस्तकांतली दोन हजारांवर अकरा शिक्क्यातून सुटली. बाकीच्यांचा टेम्पो भरताना बघायला जी माणसं जमली, त्यांतल्या एकानेही दहा वर्षांत उंबरा ओलांडलेला नव्हता. "वाचनसंस्कृती संपली हो," असं एक गृहस्थ ताईंच्या अंगावर ओरडून गेले. त्यांचं सभासदत्व दोन हजार आठ सालीच संपलं होतं.

राहिली पेटी.

ताईंनी तालुक्यातल्या माहितीतल्या सगळ्या ग्रंथपालांना फोन लावले. पेटी कुणी घेतली तर ती रद्दीत जाणार नव्हती. एक म्हणाला, "ताई, ठेवू कुठे? आमचंच कपाट जिन्यात आहे." एकीने विचारलं, "पीडीएफ नाही का?" एकाच्या सुनेने सांगितलं, "बाबा जाऊन दोन वर्षं झाली." ताईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला, वहीतलं त्या बाबांच्या हस्ताक्षरातलं पान उघडलं.

इथे अनुष्काचा संबंध येतो. अनुष्का म्हणजे हे लिहिणारी, दहावीची परीक्षा देऊन खिडकीजवळच्या खुर्चीत रोज पडीक असलेली. पनवेलातल्या अर्ध्या माणसांचे आवाज तिच्या घशात आहेत आणि ताईंचा त्यांतला सगळ्यांत गाजलेला.

"ताई, पेटी काढून टाकणार?"

"चिठ्ठ्या कोऱ्या हायेत."

"हे संदर्भग्रंथ आहेत म्हणा. संदर्भाला नियम नाही."

"संदर्भ म्हणजे लोक हात लावतात ते, पोरी."

"मग मी नेते. माझ्या नावावर टाका. मागची तारीख घाला, कोण बघतंय?"

ताईंनी तारखेचा शिक्का उचलून खणात ठेवला आणि खण लावला. तेवढं पुरलं.

तेव्हा अनुष्काने हुकमाचं पान टाकलं. निर्लेखनाचं ते पुस्तक! तेच उघडून ताईंनी अध्यक्षांना थांबवलं, तेच बत्तीस वर्षांत शंभरदा चाळलं. "ते तरी वापरातलं आहे की नाही? ते तुम्ही काढूच शकत नाही. लावा पैज."

"लाव."

"मी जिंकले तर पेटी माझ्या घरी येणार. हरले तर तुमची नक्कल बंद. कायमची."

"आजपर्यंतची सोडून," ताई म्हणाल्या. त्या महिन्यात त्या पहिल्यांदाच हसल्या.

एकेक पुस्तक बाहेर आलं. चाळीसांवर शिक्का पडला. एक्केचाळिसावं हातात घेऊन ताईंनी शेवटचं पान उघडलं. कागद बोटांनी काळवंडला होता. समासात त्यांच्याच पेन्सिलच्या खुणा होत्या. चिठ्ठी मात्र पांढरी स्वच्छ. टेबलापाशी बसूनच वाचायचं, तर घरी न्यायची नोंद कशाला, असं बत्तीस वर्षं त्यांनी धरलं होतं. पेटी फिरायची तेव्हाच्या नोंदी वहीत होत्या, आणि त्याही अकरा वर्षांपूर्वीच्या.

आज तारीख टाकता आली असती, पण एकतीस मार्च उलटून गेला होता.

त्यांनी शिक्का शाईवर दाबला आणि मारला. तो नीट उठला नाही म्हणून पुन्हा मारला. मग काशिरामकडे बघून काहीतरी म्हणाल्या. तीनच शब्द, करंज्याचे. काशिरामने तोंड फिरवलं आणि पेटी टेम्पोकडे ओढायला घेतली.

ते तीन शब्द अनुष्काला स्वरासकट पाठ आहेत. पण ती पैज हरली आहे.