शेजारणीचे चाळीस दिवस

मुलांनो, तुमच्या वर्गातल्या मुलीने ईस्टरपर्यंत चॉकलेट सोडलंय आणि तुम्हाला ते खुळेपणाचं वाटलं, हे काल फोनवर कळलं, म्हणून आजच लिहायला बसले.

चिखलीत आमच्या शेजारी एक ख्रिस्ती नर्सबाई राहतात. एका वर्षी राखेच्या बुधवारी त्यांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला, तेव्हा मी हौसेने साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. त्या हसल्या.

"मॅडम, तुमच्या उपासात तं रोजच्यापेक्षा जास्त खातेत. आमच्यात जिवाशी धरलेलं सोडा लागते."

"मग काय सोडलं?"

"मटण. अन् थोरल्या जावेशी धरलेला अबोला. मटण सोपं आहे."

दर शुक्रवारी ड्यूटी संपली की त्या बसने अमडापूरला, जावेच्या दारी जात. तीनदा दार उघडलं नाही. चौथ्यांदा जाऊ उंबऱ्यातूनच म्हणाली, "काऊन येऊन राह्यली वं?"

"माहा उपास आहे."

"मंग पाणी तं चालते ना?"

हे त्यांनी सांगितलं, तेव्हा माझ्या आयुष्यभराच्या एकादशा मला फार सोप्या वाटल्या. त्याला आता कित्येक वर्षं झाली. दोघी जावा अजून एकमेकींशी बोलतात.